धातूची फ्रेम, वर रेड डॉट: रेंजवर झकास, पण ड्युटीला चालेल का?

खाचमाशी (धागाकर्ता)

मंडळी, पिस्तुलाची फ्रेम पॉलिमरची (म्हणजे मजबूत प्लास्टिकची) बरी की धातूची, हा वाद इथे अधूनमधून उगवतो आणि 'ज्याला जे झेपेल ते' म्हणून विझतो. या वेळी प्रश्न जरा नेमका आहे, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आमच्याकडे तपासणीला एक पूर्ण आकाराचं ९ मिमी पिस्तूल आलंय. ॲल्युमिनियमची फ्रेम, स्ट्रायकर पद्धत (बाहेर घोडा नाही), १७ गोळ्यांचं मॅगझिन, पुढे दिव्यासाठी रेल, स्लाइड (मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) वरून रेड डॉटसाठी, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटसाठी, कोरलेली आणि डब्यात वेगवेगळ्या साइटसाठी प्लेटा. निर्णय व्हायचाय, त्यामुळे नाव सांगत नाही. ओळखलंच कुणी तर मनात ठेवा.

रेंजवर हे पिस्तूल माणसाला लाडावून ठेवतं. गोळी तीच, दारू तीच, म्हणजे मागे येणारा संवेगही तोच. भरलेलं पिस्तूल ९०० ग्रॅमऐवजी १२०० ग्रॅमचं असेल तर ते एक चतुर्थांश कमी वेगाने मागे येतं आणि धक्क्याची ऊर्जाही तेवढीच घटते. कागदावर हे किरकोळ वाटतं. पण भराभर पाच-सहा राऊंड झाडताना आमच्या पॉलिमरच्या पिस्तुलावर ठिपका काचेच्या वरच्या कडेतून निसटतो आणि परत शोधावा लागतो. या पिस्तुलावर तो काचेच्या आतच एक छोटी उभी रेघ मारून जागेवर येतो. ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

आता घोडं कुठे अडलंय ते सांगतो. बऱ्याच गोळीबारानंतर एका नगाचा गट (कागदावरच्या भोकांचा पुंजका) हळूहळू उजवीकडे पसरायला लागला. आधी सगळ्यांनी झाडणाऱ्यालाच बोल लावला. माणूस बदलला, तरी तेच. मग भिंग लावून पाहिलं, तर स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून रंगाची जी सरळ रेघ ओढली होती, ती स्क्रूपाशी केसभर तुटलेली. आणि तो स्क्रू साइटचा नव्हता, प्लेटचा होता. साइट प्लेटवर घट्ट, पण प्लेटच स्लाइडवर हलत होती.

तेव्हा विचारायचं आहे ते असं की ड्युटीसाठी असं पिस्तूल पारखताना तुम्ही नक्की काय काय पाहता? आणि फ्रेम धातूची असण्याने ड्युटीवर खरंच काही पदरात पडतं का, की हे रेंजवाल्यांचं कौतुक आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सरळरेषा

वाचनखूण साठवली आहे. मी स्पर्धावाला, त्यामुळे माझं मत आधीच विकलं गेलंय असं समजून वाचा.

वजनाने ठिपका शांत राहतो, हे शंभर टक्के खरं. म्हणूनच तर कॅरी ऑप्टिक्स आणि प्रॉडक्शन ऑप्टिक्स या स्पर्धागटांमध्ये जो तो पोलादी फ्रेमकडे वळला. सीझेडचं शॅडो २ बघा, साधारण १३३० ग्रॅम, तेही रिकामं. ॲल्युमिनियम म्हणजे अधली-मधली वाट.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात. वजन कुठे आहे ते जास्त महत्त्वाचं. मूठ जड असण्यापेक्षा नळीखालचा भाग जड असेल तर तोंड कमी उसळतं. पॉलिमरच्या पिस्तुलाला पुढे दिवा लावला की निम्मा फायदा तिथेच मिळतो. तुमच्या तुलनेत दोन्ही पिस्तुलांना दिवा होता का?

शंकासुर

आला का पुन्हा धातू फॅशनमध्ये! अमेरिकन लष्कराने १९८५ मध्ये बेरेटा घेतलं, एम९ म्हणून, ॲल्युमिनियमच्या फ्रेमचं. १९८२ मध्ये ऑस्ट्रियन लष्कराने ग्लॉक १७ घेऊन दाखवून दिलं होतं की पॉलिमरने भागतं, वजन उतरतं, गंज नाही, उत्पादन स्वस्त. मग सगळं जग तिकडे गेलं. २०१७ मध्ये अमेरिकन लष्करानेही एम९ च्या जागी एम१७ निवडलं, त्याची मूठ पॉलिमरची. आणि आता चाळीस वर्षांनी तुम्ही म्हणताय जड असतं तेच बरं.

माझं म्हणणं, ड्युटीवर माणूस पिस्तूल चालवतो कमी आणि वाहतो जास्त. आयुष्यभरात एकदा झाडावं लागलं तर लागलं. त्या एका वेळेसाठी रोज पाव-दीड पाव धातू कमरेला बांधायचा का? आणि रेड डॉट म्हणजे बॅटरीवर चालणारी माशी (नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा). सेल संपला की गेली.

सरळरेषा

@शंकासुर, एम१७ ची स्लाइड रेड डॉटसाठी तयार होती हे सोयीस्कर विसरलात. लष्करालाच ती बॅटरीवाली माशी हवी होती.

कमरपट्टा

शंकासुरांची वजनाची तक्रार हसण्यावारी नेऊ नका. मी हे ओझं वागवलंय.

ग्लॉक १७ रिकामं, मॅगझिनशिवाय सुमारे ६३० ग्रॅम. बेरेटा ९२ एफएस सुमारे ९४५. ९ मिमीच्या १७ गोळ्यांचं वजन २०० ग्रॅमच्या आसपास. त्यात रेलवरचा पूर्ण आकाराचा दिवा, साधारण ११५. बंद काचेची साइट, एमपॉइंट ॲक्रो पी-२ सारखी, आणखी ६० ग्रॅम. रिकामं मॅगझिन, होल्स्टर, दोन जादा मॅगझिनं वेगळीच. पट्ट्याच्या एकाच बाजूला दीड किलोच्या वर भार सहज होतो. वाहनात तासन् तास बसताना तो भार कंबरेच्या हाडावर येतो. त्यामुळे आमच्याकडे प्रश्न पिस्तुलाचा नव्हताच, पट्ट्याचा होता. कडक आतला पट्टा, मांडीच्या दिशेला थोडा उतरलेला होल्स्टर आणि ओझं दोन बाजूंना वाटून घेणं, एवढं केलं की तीनशे ग्रॅमचा बोभाटा पुष्कळ कमी होतो. संपतो असं मात्र म्हणणार नाही.

आता होल्स्टर. ड्युटीचा निर्णय इथे अडकतो आणि तपासणी समित्यांना तो सगळ्यात शेवटी आठवतो. तुम्हाला होल्स्टर हवा तो याच फ्रेमला, याच दिव्यासह, याच साइटसह बसणारा. शिवाय काचेवर झाकण असलेला आणि हिसकावणाऱ्याच्या हाती न लागणारा. एवढ्या सगळ्या अटींत बसणारा होल्स्टर लोकप्रिय पॉलिमर पिस्तुलांना लगेच मिळतो. धातूच्या नव्या मॉडेलला कधी कधी मिळतच नाही, कारण फ्रेमचा पुढचा भाग आणि ट्रिगर गार्ड एखाद-दोन मिलिमीटर वेगळा असतो. ओढूनताणून बसवलेला होल्स्टर ड्युटीवर कुणी आणला तर मी त्याला परत पाठवतो.

दिव्यावरून आणखी एक. साइट आपोआप उजेड कमी-जास्त करणारी असेल तर अंधाऱ्या खोलीत उभं राहून समोरच्या पांढऱ्या भिंतीवर दिवा मारून बघा. साइट जिथे आहे तिथला अंधार मोजते आणि ठिपका मंद करते. समोर भिंत लख्ख, ठिपका गायब. ड्युटीवर उजेडाची पातळी हाताने ठरवायची आणि तशीच ठेवायची.

खराद

मी बंदुकवाला नाही, धातूवाला आहे. या विषयाचं यांत्रिक अंग तेवढं सांगतो.

बहुतेक चांगल्या ॲल्युमिनियम फ्रेम ७०७५ या मिश्रधातूच्या असतात, टी६ उष्णोपचार केलेल्या. ताकदीला उत्तम. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून फ्रेम जाड करूनही हलकी राहते. पण एक मूलभूत फरक आहे. पोलादाला थकव्याची मर्यादा असते: त्या मर्यादेखालचा ताण कितीही वेळा द्या, ते तुटत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. छोटा ताणही पुरेशा वेळा दिला की कधी तरी तडा जातो. याचा अर्थ फ्रेम उद्या फुटेल असा नाही. नीट बनवलेली फ्रेम हजारो, कित्येकदा लाखाच्या घरातले राऊंड काढते. अर्थ एवढाच की तपासणी कायम चालू ठेवावी लागते. स्लाइड स्टॉपच्या पिनेचं भोक, नळीच्या लगसमोरचा भाग, रेल जिथे फ्रेमला मिळतात तो कोपरा, दिव्याच्या रेलवरचा पातळ पत्रा, या जागा चांगल्या उजेडात पुसून बघायच्या. तडा आधी केसासारखा दिसतो आणि तेलाने लपतो.

तडा लवकर येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मेलेली रिकॉइल स्प्रिंग. बहुतेक मॅन्युअलमध्ये ती तीन ते पाच हजार राऊंडला बदला असं लिहिलेलं असतं. धातूच्या जड फ्रेमवर स्प्रिंग दमली तरी हाताला जाणवत नाही, कारण वजन धक्का पोटात घालतं. पॉलिमरवर हात आधी कुरकुर करतो. त्यामुळे धातूवाल्यांनी भावनेवर न जाता वहीत राऊंड लिहावेत.

ॲनोडाइज थराबद्दल (ॲल्युमिनियमवर चढवलेला कडक संरक्षक थर): जाड थर २५ ते ५० मायक्रॉनचा असतो, कडक असतो, पण स्लाइडचं पोलाद रेलवर तो घासून काढतंच. रेलवर चकचकीत पांढरे पट्टे दिसले की घाबरायचं नाही. पट्टा खोल होत गेला, बोटाच्या नखाला पायरी लागली, की मग विचार करायचा. तिथे पातळ तेलापेक्षा ग्रीसचा एक बारीक थर बरा.

आता तुमची प्लेट. मला वाटतं तुमच्या धाग्याचा खरा विषय हाच आहे, फ्रेम नाही.

प्रत्येक साइटचा तळ वेगळा. ट्रायजिकॉनचा आरएमआर हा एक, ल्यूपोल्डचा डेल्टापॉइंट प्रो दुसरा, छोट्या साइटसाठी शील्डचा आरएमएससी तिसरा, ॲक्रो चौथा. या सगळ्यांना एकच स्लाइड भागवणार म्हणून मध्ये प्लेट येते. मग जोड दोन झाले, प्लेट स्लाइडवर आणि साइट प्लेटवर. प्लेट पातळ म्हणून तिच्यात स्क्रूला मोजकेच आटे मिळतात. स्लाइड मागे आपटते आणि पुढेही आपटते, म्हणजे दर राऊंडला साइटला दोन विरुद्ध दिशांनी हिसके. ते हिसके झेलायचं काम स्क्रूचं नाही. ते काम प्लेटवरच्या खुंट्यांचं आणि खाचेच्या भिंतींचं. आरएमआरच्या तळाला पुढे दोन खळगे असतात, प्लेटच्या खुंट्या त्यांत गच्च बसायला हव्यात. तिथे पोकळी असेल तर सगळा आडवा भार स्क्रूवर येतो आणि स्क्रू एक तर सैल होतो नाही तर तुटतो. स्क्रू न लावता साइट नुसती ठेवा आणि बोटाने पुढे-मागे ढकला. खडखडली तर ती जोडी ड्युटीला नको.

ॲक्रोची रचना वेगळी आहे. वरून स्क्रू नाही, खाली आडवा खिट्टा असतो आणि बाजूने आवळणारी पकड. म्हणून ती जास्त तग धरते.

खाचमाशी

@खराद, जबरदस्त प्रतिसाद. खडखड चाचणी आजच केली. प्लेट स्लाइडमध्ये सरळ सरळ हलते, साइट प्लेटमध्ये नाही. म्हणजे गुन्हेगार सापडला. बनवणाऱ्यांना कळवतोय.

@सरळरेषा, नाही, पॉलिमरला दिवा नव्हता. तुलना पुन्हा करतो.

कमरपट्टा

स्क्रूंबद्दल एक धोक्याची सूचना, इथे टाकून ठेवतो. पुष्कळ पिस्तुलांत साइटचा उजवीकडचा स्क्रू थेट एक्स्ट्रॅक्टरच्या (झाडलेल्या गोळीची रिकामी टोपी, म्हणजे कवच, बाहेर ओढणारा आकडा) स्प्रिंगच्या नळकांड्यावर येतो. जरा लांब स्क्रू लागला की तो खाली जाऊन एक्स्ट्रॅक्टरचा दट्ट्या दाबून धरतो. मग रिकामी टोपी ओढली जात नाही आणि माणूस काडतुसाला, मॅगझिनला, देवाला शिव्या देतो. साइट बसवल्यावर स्लाइड उतरवून एक्स्ट्रॅक्टर बोटाने दाबून बघा, पूर्वीइतकाच मोकळा हवा.

नवी_नेमबाज

एक बाळबोध प्रश्न. मी २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल झाडते. असं धातूचं, रेड डॉटचं पिस्तूल सरावाला वापरलं तर स्पर्धेत उपयोग होईल का? म्हणजे सेंटर फायरमध्ये?

सरळरेषा

@नवी_नेमबाज ताई, आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) पिस्तूल प्रकारांत ऑप्टिकल साइट चालतच नाही, फक्त उघडी माशी आणि खाच. शिवाय तुमच्या २५ मीटरच्या प्रकारांत ट्रिगरचं किमान वजन (दाबायला लागणारा जोर) १००० ग्रॅम, या ड्युटीच्या पिस्तुलांचं त्याच्या दुप्पट किंवा जास्त. स्वभावच वेगळा. पण ट्रिगर दाबताना हात कुठे हलतो हे शिकायला रेड डॉटसारखा चहाडखोर नाही. रिकाम्या पिस्तुलाने, भिंतीकडे, सुरक्षेचे सगळे नियम पाळून रिकामा सराव करा आणि ठिपका बघत राहा. माशीवर जी थरथर दिसत नाही ती ठिपका दाखवतो.

चष्मिष्ट

माझ्यासाठी रेड डॉट हा शौक नाही, गरज आहे. पन्नाशीनंतर माशी धूसर दिसायला लागली. चष्म्याच्या वरच्या भागातून पाहिलं तर लक्ष्य स्पष्ट, खालच्या भागातून पाहिलं तर माशी स्पष्ट, दोन्ही एकदम कधीच नाही. ठिपक्यासाठी नजर लक्ष्यावरच ठेवायची असते, त्यामुळे हा प्रश्न सुटला.

पण नवा प्रश्न आला: ठिपका मला गोल दिसत नाही, स्वल्पविरामासारखा दिसतो. साइट खराब म्हणून परत करणार होतो. एकाने सांगितलं, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. (पिस्तूल रिकामं, स्लाइड मागे, हे सांगायला नको.) कॅमेऱ्यात ठिपका अगदी गोल! म्हणजे दोष डोळ्याचा, ॲस्टिग्मॅटिझम. उजेड कमी केला की स्वल्पविराम पुष्कळ आकसतो. काहींना हिरवा ठिपका जास्त स्वच्छ दिसतो. संपूर्ण तुकडीसाठी एकच साइट घेणार असाल तर आधी सगळ्यांना तिच्यातून बघू द्या, दहा जणांत दोन-तीन स्वल्पविरामवाले निघतील.

शंकासुर

डोळ्यांचा मुद्दा मान्य. काचेवर पाऊस पडला, चिखल उडाला, थंड खोलीतून दमट हवेत आलो आणि वाफ धरली, मग काय?

कमरपट्टा

@शंकासुर, उघड्या साइटमध्ये खरी अडचण पुढच्या काचेची नाही, मागे ठिपका टाकणारा बारीक एलईडी जिथे बसवलेला असतो त्या खळग्याची आहे. त्यात पाण्याचा एक थेंब किंवा कपड्याची लव बसली की ठिपका फुटतो, पसरतो, नाही तर दिसतच नाही. म्हणून ड्युटीसाठी बंद डबीची साइट बरी. ॲक्रो २०१९ मध्ये आली, नंतर होलोसनची ५०९टी, स्टाइनरची एमपीएस वगैरे. त्यांच्यात थेंब पडला तरी बाहेरच्या काचेवर पडतो, अंगठ्याने पुसता येतो.

आणि पुढची काच पूर्ण झाकली गेली तरी खेळ संपत नाही. विश्वास बसत नसेल तर पुढच्या काचेवर चिकटपट्टी लावून झाडून बघा. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. एक डोळा ठिपका बघतो, दुसरा लक्ष्य, आणि मेंदू दोन्ही एकावर एक ठेवतो. जवळच्या अंतरावर धडावर गोळ्या बसतात. हा सराव आमच्याकडे सक्तीचा आहे. त्याशिवाय काचेतून दिसतील एवढी उंच माशी आणि खाच हवीच, बंद पडलेली साइट म्हणजे मग नुसती एक चौकट.

सेलचं म्हणाल, तर ॲक्रो पी-२ सीआर २०३२ वर मधल्या उजेडात ५०,००० तासांचा दावा करते. पाच वर्षं झाली. तरी आम्ही वर्षाला ठरलेल्या तारखेला सगळ्यांचे सेल बदलतो. एक बारीक गोष्ट बघून घ्या: सेल बदलायला साइट उतरवावी लागते का? आरएमआरमध्ये सेल तळाशी आहे, त्यामुळे दर वेळी स्क्रू, दर वेळी नेम तपासणं. बाजूने सेल निघणारी साइट असेल तर ही कटकटच नाही.

खाचमाशी

दिवा दोन्हींवर लावून तुलना झाली. @सरळरेषा, तुम्ही बऱ्याच अंशी बरोबर. एकेक राऊंड, सावकाश, २५ मीटरवर: दोन्हींत काही फरक नाही. भराभर, दोन्ही हातांनी: धातू पुढे, पण दिव्यामुळे अंतर कमी झालं. खरा फरक पडला एका हाताने, विशेषतः डाव्या हाताने झाडताना. पॉलिमरवर मनगट ढिलं असलेल्या दोघा-तिघांची टोपी अडकली, धातूवर त्यांचीच अडकली नाही. फ्रेम जड, म्हणून हात ढिला असला तरी स्लाइडला मागे सरकायला टेकू मिळतो. ड्युटीवर एक हात जखमी किंवा गुंतलेला असू शकतो, तेव्हा हा फायदा रेंजवाल्यांचं कौतुक म्हणून उडवून लावता येत नाही.

उलट बाजूने, साइटचं वजन स्लाइडवर बसतं हेही दिसलं. स्लाइड साडेतीनशे-चारशे ग्रॅमची धरली तर ६० ग्रॅम म्हणजे थोडंथोडकं नाही. ती सावकाश मागे जाते. सरावाच्या मऊ दारूच्या गोळ्यांनी रिकाम्या टोप्या अगदी मनगटाजवळ पडत होत्या. १२४ ग्रेन (सुमारे ८ ग्रॅम) वजनाच्या ड्युटी गोळ्यांनी व्यवस्थित दूर. म्हणून ज्या गोळ्या ड्युटीला वापरणार त्यांनीच शेवटची चाचणी, सरावाच्या स्वस्त गोळ्यांवर निकाल द्यायचा नाही.

सरळरेषा

सुरुवातीला शॅडो २ चं नाव मीच घेतलं म्हणून स्पष्ट करतो, नाही तर कुणी ते ड्युटीला घ्यायला निघेल. शॅडो २ मध्ये फायरिंग पिन ब्लॉक नाही. ट्रिगर सुंदर लागतो तो त्यामुळेही. पण पिस्तूल पडलं तर पिनेला अडवणारी ती कडी नाही. ते स्पर्धेचं हत्यार आहे, रेंजवर आणावं आणि रेंजवरून न्यावं. ड्युटीसाठी 'धातूचं, ऑप्टिक्ससह' एवढ्या दोन शब्दांवर यादी करू नका.

कमरपट्टा

अनुमोदन. आणि पडण्याचा विषय निघालाच आहे तर: अमेरिकेतल्या 'सामी' या शस्त्र-उत्पादकांच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या चाचणीत पिस्तूल ४ फुटांवरून, म्हणजे १.२२ मीटरवरून, काँक्रीटवर ठेवलेल्या रबरी चटईवर वेगवेगळ्या कोनांत पाडतात. ती कारखान्याची चाचणी, घरी करायची नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सिग कंपनीने आपल्या पी३२० पिस्तुलासाठी ऐच्छिक सुधारणा जाहीर केली, तीत ट्रिगर आणि स्ट्रायकर हलके केले होते. पिस्तूल पडून अचानक थांबतं तेव्हा ट्रिगर स्वतःच्या वजनाने मागे जाऊ पाहतो, हे त्यामागचं कारण. त्यावरून शहाणपण घ्यायचं ते असं की ड्युटीच्या पिस्तुलात बाजारातला जाड धातूचा सपाट ट्रिगर कुणी हौसेने बसवला असेल तर काढून ठेवायचा. कारखान्याची चाचणी कारखान्याच्या ट्रिगरवर झालेली असते.

शंकासुर

बरं, फ्रेम-प्लेट-ट्रिगर झालं. नेम किती अंतरावर लावता, म्हणजे ठिपका आणि गोळी कुठल्या अंतरावर एकाच जागी जुळवता? आमच्याकडे यावरून अक्षरशः भांडणं आहेत.

खाचमाशी

२५ मीटर. ठिपका नळीच्या मध्यापासून साधारण ३ सेंटीमीटर वर असतो. २५ ला नेम लावला तर ३ मीटरवर गोळी ठिपक्याच्या अडीच सेंटीमीटर खाली लागते, आणि मधल्या सगळ्या अंतरांत फरक त्याहून कमीच. लक्षात ठेवायचं एवढंच की अगदी जवळून बारीक जागा साधायची असेल तर ठिपका जरा वर धरा. १० मीटरवर नेम लावून मोकळं होणाऱ्यांचं २५ वर गणित बिघडतं, कारण १० वर दोन क्लिकची चूक ६ मिलिमीटरची, डोळ्याला दिसतही नाही. तीच २५ वर दीड सेंटीमीटर होते. (बहुतेक साइटमध्ये एक क्लिक म्हणजे १ एमओए, म्हणजे कोनाची एक मिनिट, १०० मीटरला २.९ सेंटीमीटर.)

ठिपक्याच्या आकाराबद्दलही याच हिशेबाने बघा. ३.२५ एमओएचा ठिपका २५ मीटरवर २.४ सेंटीमीटर झाकतो, ६ एमओएचा ४.४. रेंजवाले छोटा मागतात. ड्युटीला मला मोठा आवडतो, होल्स्टरमधून काढल्यावर पटकन नजरेत भरतो.

नवी_नेमबाज

शेवटी तुमच्या समितीचं काय ठरलं? की तेही गुपित?

खाचमाशी

@नवी_नेमबाज, अर्धं ठरलंय. पिस्तूल प्रशिक्षकांना आणि रेंजसाठी मंजूर. ड्युटीसाठी तीन अटींवर अडकवून ठेवलंय: स्लाइडमध्ये न हलणारी पोलादी प्लेट, दिवा-साइटसह बसणारा कायदेशीर मंजुरीचा होल्स्टर आणि बंद डबीची साइट. नव्या प्लेटा आल्यावर प्रत्येक नगाचं असं करणार: थंड पिस्तुलाने २५ मीटरवर पाच राऊंडचा गट, मग न पुसता ५०० राऊंड (त्यातले निदान २०० ड्युटीचे), अधूनमधून साइटची कड पट्ट्याला किंवा बुटाच्या टाचेला अडकवून एका हाताने स्लाइड ओढायची, आणि शेवटी पुन्हा पाच राऊंडचा गट. दोन गटांचा मध्य सरकला किंवा रंगाची रेघ तुटली, तर तो नग बाजूला. फ्रेमबद्दल माझी काळजी मिटली आहे. वजनाबद्दल शंकासुरांचा आक्षेप नोंदीत घेतलाय, ज्यांना जड होतं त्यांना पॉलिमर ठेवायची मुभा मागितली आहे.

शंकासुर

नोंदीत गेलो, धन्य झालो. :)

एकच राहिलं. स्क्रू किती आवळता, आणि तेच स्क्रू पुन्हा वापरता का?

खराद

साइटवाल्याने लिहिलंय तेवढेच, अंदाजाने नाही. बहुतेकांचा आकडा १२ ते १५ इंच-पौंड, म्हणजे १.४ ते १.७ न्यूटन-मीटर. मनगटाच्या जोराने सहज दुप्पट होतं आणि स्क्रूचं डोकं उडतं, म्हणून टॉर्क रेंच लागतोच. आधी स्क्रू आणि भोक दोन्ही अल्कोहोलने धुवायचं, कारखान्यातलं तेल राहिलं तर लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) धरत नाही. निळं घ्या, लाल नको. एक थेंबही जास्त होतो, उजव्या भोकात तर तो खाली झिरपून एक्स्ट्रॅक्टरला चिकटवतो. आवळल्यावर २४ तास झाडायचं नाही. रंगाची रेघ त्यानंतर ओढा. आणि काढलेले स्क्रू पुन्हा लावू नका, साइटसोबत जादा जोडी येते ती याचसाठी.

शंकासुर

आमच्याकडे जादा जोडी पहिल्याच दिवशी हरवते.

खराद

मग मूठ आतून पोकळ असेल तर तिथे चिकटपट्टीने चिकटवून ठेवा.

कमरपट्टा

मुठीत काही ठेवू नका हो, ड्युटीच्या पिस्तुलात तर मुळीच नाही. सुटलं की मॅगझिनच्या वाटेत जाईल. शस्त्रागारात नगाच्या नंबराची पाकिटं करा.